टाकाऊ विकत मिळेल

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की स्टेशनरीच्या दुकानांत एक वेगळाच हंगाम येतो. संध्याकाळी काउंटरपाशी आयांची गर्दी, प्रत्येकीच्या हातात मोबाइल, मोबाइलवर शाळेचा निरोप आणि निरोपात ‘टाकाऊतून टिकाऊ’. उद्या सकाळीच हवं. दुकानदार आता इतका सरावलाय, की काय हवं हे तो विचारतही नाही. आईस्क्रीमच्या काड्या पाकिटात मिळतात; रंगीत हव्या असतील तर थोडे पैसे जास्त. कागदी कप, न वापरलेले. पुठ्ठ्याच्या नळ्या, लोकर, बटणं. आणि आता तर नारळाच्या करवंट्याही, घासून गुळगुळीत केलेल्या, एकेक पारदर्शक पिशवीत बंद. जिच्या घरी आठवड्याला दोन नारळ फुटतात ती बाई इथे करवंटी विकत घेते, कारण घरच्या करवंटीला शेंडी असते आणि शेंडीपायी मार्क जाऊ शकतात.

आमच्या शेजारी चौथीतली एक मुलगी आहे. तिला दोन लिटरची रिकामी बाटली न्यायची होती. त्या घरात शीतपेय कोणी पीत नाही, म्हणून भरलेली बाटली आणावी लागली. आतलं पेय काही संपेना. शेवटी ते मोरीत ओतलं आणि बाटलीचं पाखरांसाठी दाणे ठेवायचं घर झालं. ते घेऊन ती मला दाखवायला आली.

“आजोबा, बघा, वेस्टमधून बेस्ट!”

“फारच बेस्ट. पण वेस्ट केवढ्याला पडलं?”

“शंभराच्या वर एक रुपया नाही,” ती अभिमानाने म्हणाली. “आई म्हणाली, मोरीपण साफ झाली.”

पाखरं अजून आलेली नाहीत. बाटलीवर चमकी आहे, तिला ती बिचकत असावीत.

हे सगळं सुरू झालं ते चांगल्या हेतूने. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा असं सांगितलं. २००३ मध्ये त्याची पुन्हा झाडाझडती घेतली, तेव्हा कुठे देशभरच्या अभ्यासक्रमांची चाकं जोराने फिरू लागली. यात वाईट काहीच नाही. पण आपल्याकडे एखादी गोष्ट विषय झाली की तिला वही लागते, वहीला कव्हर लागतं, कव्हरला लेबल लागतं आणि वर्षाच्या शेवटी प्रकल्प लागतो. ‘कागद वाचवा’ हे दोन शब्द लिहायला अख्खा चार्टपेपर लागतो, आणि अक्षर वाकडं गेलं तर दुसरा. प्लास्टिकमुक्तीच्या प्रकल्पवहीला वरून प्लास्टिकचं कव्हर घालावं, अशी सूचना मी स्वतः वाचलेली आहे. पुढे कारणही दिलं होतं : वही पावसात भिजू नये.

दिनविशेषांचीही गंमतच आहे. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा त्या दिवशी उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात, त्यामुळे तो पंधरवड्याने साजरा होतो किंवा गावात उरलेली चार मुलं बोलावून रोपाला पाणी घालतानाचा फोटो काढला जातो. वसुंधरा दिन २२ एप्रिलला, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. मग मुलं पृथ्वीबद्दलची कळकळ दाखवायला मोकळी असतात ती १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनाला, आणि ओझोनच्या बाबतीत चौथीतल्या मुलाच्या हातात फारसं काही नसतं.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, हजेरी भरायची असते आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो पुढे पाठवायचा असतो. वाया न घालवलेल्या वस्तूचा फोटो निघत नाही. बनवलेल्या वस्तूचा निघतो. तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

आमच्या वेळी हा विषय शाळेत नव्हता, कारण घरी तो त्रिकाळ चालू असे. वार्षिक परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी वह्या उसवायला बसायचं. प्रत्येक वहीतली मागची कोरी पानं काढायची, एकेरी वेगळी, दुहेरी वेगळी, चौकटीची वेगळी. आजी दाभण आणि जाड दोरा घेऊन बसायची आणि दिवेलागणीपर्यंत रफ वह्यांचा गठ्ठा तयार व्हायचा. वेगळी काढलेली पानं शिवताना पुन्हा एक होत. मग एकेरी पानावर सुरू केलेला भागाकार चौकटीच्या पानावर जाई आणि चित्रकलेच्या जाड कागदावर त्याची बाकी उरे. पाठकोरे कागद चिमट्याला लावून वडिलांच्या टेबलावर जात. लग्नपत्रिकेची मागची बाजू वाण्याच्या यादीसाठी राखलेली असे, त्यामुळे एकीकडे चि. सौ. कां. आणि दुसरीकडे तूरडाळ दोन किलो असा मजकूर दुकानात पोचे. पाटीचं तर बोलायलाच नको. ओल्या फडक्याने पुसली की नवी. थुंकीने पुसली तर सरस्वती कोपते असं सांगितलेलं असूनही वर्गातल्या निम्म्या पाट्या थुंकीनेच साफ होत. पेन्सिलीचा कचरा उरत नसे, कारण उरलेले तुकडे काही मुलं खात.

स्वयंपाकघराचा अभ्यासक्रम त्याहून कडक होता. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची धिरडी, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मिळे, आणि तीवरून भावंडांत झालेल्या मारामाऱ्यांच्या खुणा आमच्यापैकी काहींच्या कपाळावर आजही आहेत.

याला कोणी पर्यावरणप्रेम म्हटलं असतं, तर आजीने ‘काय म्हणालास?’ असं विचारून आणखी एक वाटी कुस्करा पुढे सरकवला असता. ही टंचाईतून आलेली हुशारी होती. वाचवायचे होते ते पैसे. पृथ्वी त्या ओघात वाचत होती. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण माझ्या वयाची मंडळी हल्ली शाळांमध्ये जाऊन ‘आमच्या वेळी’ या विषयावर तासभर बोलतात. हातात चार पैसे खुळखुळायला लागल्यावर आमच्या पिढीने पहिली गोष्ट कोणती टाकली असेल, तर ते दाभण.

एक व्यवहार मात्र नुसत्या काटकसरीपलीकडचा होता, जुन्या पुस्तकांचा. निकाल लागला की आईबरोबर वरच्या वर्गातल्या मुलाच्या घरी जायचं. किंमत निम्मी. पुठ्ठा शाबूत असेल आणि नकाशे फाटलेले नसतील तर पाऊण. हुशार मुलाच्या पुस्तकांसाठी चुरस असे, कारण त्याने समासात पेन्सिलीने उत्तरांच्या खुणा केलेल्या असत. ढ मुलाची पुस्तकं दिसायला नवीकोरी असत, तरी त्यांना भाव कमी. पहिल्या पानावर दोन नावं खोडलेली आणि खाली तिसरं आपलं. वर्षभर त्या पुस्तकावर आमटी सांडू नये म्हणून जीव धाकात असे, कारण येत्या मे महिन्यात आपल्यालाही ते विकायचं होतं आणि गिऱ्हाईक शेजारच्याच वाड्यात बसलेलं होतं. अधूनमधून ते गिऱ्हाईक येऊन पुस्तक तपासूनही जाई. “भूगोलाचं पान दुमडलंस का रे?” असं त्याची आई माझ्या आईसमोर विचारी. वस्तू आपली असली तरी आपल्यानंतर ती कोणाची तरी व्हायची आहे, हे सातवीतल्या मुलाला याहून पक्कं समजावून देणारा धडा मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही.

आता सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, आणि ते उत्तमच आहे. पुस्तकासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण पुस्तक पुढे देण्याची साखळी मात्र तुटली. त्यातच २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षापासून बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांनंतर कोरी पानं आली, वर ‘माझी नोंद’ असं छापलेली. वेगळ्या वह्या न्याव्या लागू नयेत, दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात अनेक शाळांनी वह्याही आणायला लावल्या. अखेर जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. ज्या शहाण्या मुलांनी त्या पानांवर मनापासून लिहिलं, त्यांची पुस्तकं धाकट्या भावंडाच्या उपयोगाची राहिली नाहीत. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांची पानं कोरीच रद्दीत गेली. रद्दीवाल्याचं दोन्हीकडून भलं झालं.

काटकसरीचा विषय निघाला की गांधीजींच्या पेन्सिलीची गोष्ट येतेच. काका कालेलकरांनी ती सांगून ठेवली आहे. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं, आणि गांधीजी कासावीस होऊन काहीतरी शोधत होते. काय, तर पेन्सिलीचा छोटासा तुकडा. कालेलकर आपल्याजवळची पेन्सिल देऊ लागले, पण ती चालेना. तो तुकडा त्यांना मद्रासला नटेशन नावाच्या गृहस्थांच्या लहान मुलाने प्रेमाने दिला होता. तो सापडल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट शाळेत ‘वस्तू वाया घालवू नये’ या शीर्षकाखाली सांगतात. मला ती तशी वाटत नाही. निव्वळ काटकसरी माणसाने कालेलकरांची लांब पेन्सिल घेतली असती आणि वर आभार मानले असते. तुकडा हरवला म्हणून जीव कासावीस झाला, तो देणारा पोरगा डोळ्यांसमोर होता म्हणून. मुलांना ही बाजू चटकन कळते. वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्यांना एकसारख्या पुड्या वाटल्या जातात, प्रत्येकीत तोच खोडरबर, तीच शिट्टी, तेच चॉकलेट. घरी पोचेपर्यंत पुडी कोणी दिली हे आठवत नाही आणि शिट्टी रिक्षातच राहते. तीच मुलं मैत्रिणीने दोऱ्याचं विणून दिलेलं बँड मळून काळंकुट्ट झालं तरी मनगटावरून उतरवू देत नाहीत. आया धुवायला मागतात, तेही नाही. जबाबदारीने वापरण्याचा उपजत गुण मुलांत भरपूर असतो. आपण त्यांना जपण्याजोगं काही देत नाही.

टाकाऊतून काही करायचंच असेल, तर ते कसं करावं हे दाखवणारा माणूस पुण्यात वर्षानुवर्षं राहून काम करत होता. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्याच्या टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. नळीच्या तुकड्याने काड्या जोडल्या की सांधा तयार होतो. त्रिकोण केला तर कितीही दाबला तरी हलत नाही, चौकोन केला तर लगेच तिरका होतो. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात, हे मुलाच्या बोटांना कळतं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी झाकणं, बाटल्या, शेंगदाण्याच्या पुडीचे कागद, असल्या गोष्टींतून खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं खेळणं फिरतं, वाजतं, उडतं, मोडतं आणि मोडलं की पुन्हा करता येतं. शाळेच्या प्रदर्शनातली काड्यांची झोपडी फक्त बघायची असते. ‘हात लावू नये’ अशी पाटी तिच्यासमोर असते, आणि ती पाटीही नव्या कार्डपेपरची. प्रदर्शन संपलं की झोपडी कपाटावर, एप्रिलमध्ये कपाटावरून खाली. तेव्हा कळतं की लाकूड, डिंक, थर्मोकोल, लोकर आणि चमकी एकमेकांना कायमची चिकटली आहेत. ओल्या कचऱ्यात ती कुजत नाही, सुक्या कचऱ्यातून ती कोणी विकत घेत नाही. पाकिटातल्या काड्या निदान चुलीत जळल्या असत्या.

ही शेवटची अक्कल माझी नाही, आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची आहे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला घेतला. या बायका प्लास्टिक नुसतं चुरगळून आवाजावरून ओळखतात. कोणतं विकलं जाणार आणि कोणतं शेवटी डेपोवर जाणार, हे त्या घरबसल्या सांगतील. आमच्या ताईंनी एकदा सगळ्या मजल्यावरच्या बायकांना गोळा करून दुधाच्या पिशवीवर व्याख्यान दिलं.

“कोपरा पुरता कापू नका, काकू. नुसती चीर द्या. तो एवढासा तुकडा पडतो ना, तो आमच्या हाताला लागत नाही. वजनात येत नाही, विकला जात नाही. गटारातच जातो.”

दोन मिनिटांचं व्याख्यान. चार्टपेपर नाही, शपथ नाही. शेजारची ती चौथीतली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. आता त्या घरात पिशवी कापायचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला आहे, आणि बापाने घाईत कोपरा तोडला तर ती ओट्याखाली शिरून तुकडा शोधायला लावते. पर्यावरणाच्या तासाला या ताईंना खुर्ची देऊन बसवावं असं कुठल्याही शाळेला का सुचत नाही? स्वच्छतेवर बोलायला पाहुणे बोलावले जातात, ते उशिरा येतात, कचऱ्याबद्दल बोलतात आणि जाताना सेलोफेनमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ घेऊन जातात. गुच्छ पुन्हा ताईंच्याच हाती येतो, दोन दिवसांनी.

खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा प्रश्न निराळा असतो. पोषण आहाराची खिचडी स्टीलच्या ताटात, ताट मुलाने स्वतः धुवायचं, जमेल तिथे ते पाणी परसबागेतल्या वांग्यांना. फेकायला फारसं काही नसतंच. तिथल्या मुलांना काटकसरीवर भाषण देऊ नये, आणि त्यांच्या नसण्याला पर्यावरणप्रेम म्हणून टाळ्याही वाजवू नयेत. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करून द्यावं.

शाळेने पेटवलेल्या आणि घराघरात पोचलेल्या गोष्टींपैकी मला आवडते ती फटाक्यांविरुद्धची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने दिवाळीआधी शाळाशाळांतून ही मोहीम नेली. फटाके उडवणार नाही, त्यातून वाचलेले पैसे पुस्तकाला किंवा दुसऱ्या चांगल्या कामाला वापरीन, असं मुलं लिहून देत. पुष्कळ बापांची त्यामुळे पंचाईत झाली. लवंगी माळ घेऊन आलेला बाप आणि हाताची घडी घालून दारात उभा असलेला पाचवीतला मुलगा हे दृश्य मी पाहिलेलं आहे. या मोहिमेत मुलाला काहीही विकत आणायचं नव्हतं. काहीतरी विकत आणायचं नव्हतं, हाच तर सगळा उपक्रम होता.

शाळांनी यातून घ्यावं ते एवढंच. मुलांना कमी वापरायला शिकवायचं असेल तर शाळेने कमी मागावं. जूनमधली यादी एकदा पुढ्यात घेऊन बघा. वह्या शाळेचं नाव छापलेल्याच हव्यात, म्हणजे गेल्या वर्षीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या बाद. त्यांना खाकी कव्हर, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर लेबल. क्रेयॉनचा डबा नवा, कारण जुन्यातला पिवळा संपला आहे. मग उरलेले अकरा रंग घरात, डब्यावर डबा. रंगीत कागदाचे ताव, चिकणमातीचे डबे, डिंकाच्या बाटल्या, मुलागणिक. मग गणवेशाच्या खिशावरचं बोधचिन्ह बदलतं आणि थोरल्याचा शर्ट धाकट्याला चालेनासा होतो. ही सगळी खरेदी झाल्यावर जुलैमध्ये त्याच मुलाला निरोप जातो, की घरातली टाकाऊ वस्तू आणा.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती. येत्या जूनची यादी छापायला पाठवण्याआधी ती पहिलीच्या किंवा दुसरीच्या वर्गशिक्षिकेला दाखवा आणि खोडायला पेन्सिल द्या. मार्चअखेर वर्गाच्या कपाटात कोणत्या वस्तू न उघडता उरतात, ते तिला तोंडपाठ असतं.